देश एकच, बँका दोन, चलन परकं: दर महिन्याचे पैसे नीट पोचवण्याची पद्धत

पैसे देणारा आणि घेणारा एकाच शहरात राहतात, दोघांची खाती त्याच देशातल्या बँकांत आहेत आणि दोन्ही खाती डॉलरची आहेत. दर महिन्याला ठरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात जायची, एवढंच काम. तरीही पैसे पोचायला दोन-तीन दिवस लागतात, पोचतात तेव्हा थोडे कमी भरतात, आणि नेट बँकिंगमध्ये ‘दर महिन्याला’ हा पर्यायच सापडत नाही. डॉलरमध्ये ठरलेलं भाडं, आंतरराष्ट्रीय संस्थेतला पगार, परकीय चलनातल्या कर्जाचा हप्ता, दोन कंपन्यांमधला हिशेब, एकाच कुटुंबातल्या दोघांच्या युरो खात्यांमधली देवघेव: या सगळ्यांत हीच अडचण येते.

यामागचं कारण एकदा समजलं की पुढच्या बहुतेक गोष्टी आपल्या आपण सुचतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

## पैसे नेमके कुठून जातात

तुमच्या बँकेत डॉलर खातं आहे याचा अर्थ बँकेने तेवढ्या डॉलरच्या नोटा बाजूला ठेवल्या आहेत असा नाही. बँक ते डॉलर अमेरिकेतल्या एखाद्या बँकेत, स्वतःच्या नावावरच्या खात्यात ठेवते. या खात्याला नोस्ट्रो खातं म्हणतात, आणि ते जिथे असतं त्या बँकेला करस्पाँडंट बँक. तुम्ही देशातल्याच दुसऱ्या बँकेत डॉलर पाठवले की तुमची बँक न्यूयॉर्कमधल्या आपल्या करस्पाँडंटला निरोप धाडते. तो करस्पाँडंट समोरच्या बँकेच्या करस्पाँडंटकडे रक्कम वळती करतो. त्यासाठी फेडवायर किंवा चिप्स या अमेरिकी यंत्रणा वापरल्या जातात. मग समोरची बँक आपल्या ग्राहकाच्या खात्यात जमा दाखवते. दोन्ही बँकांचा करस्पाँडंट एकच असेल तर काम त्याच्याच वहीत मिटतं. युरोचा मोठा व्यवहार युरो क्षेत्राच्या टी२ यंत्रणेतून होतो, पौंडाचा लंडनच्या चॅप्समधून, येनचा जपानमध्ये.

स्विफ्ट या सगळ्यात फक्त निरोप पोचवते. १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली ही संस्था स्वतः कुणाचे पैसे ठेवत नाही की हलवत नाही. ‘पैसे स्विफ्टमध्ये अडकलेत’ असं कुणी म्हटलं तर खरा प्रश्न असा विचारायचा: कुठल्या बँकेत अडकलेत?

म्हणजे परकीय चलनाचा रस्ता तुम्ही कुठे राहता यावरून ठरत नाही, ते चलन कुणाचं आहे यावरून ठरतो. तुमच्या भाड्याचे डॉलर घरमालकाकडे जाताना न्यूयॉर्कला जाऊन येतात. त्यामुळे तिथल्या सुट्ट्या तुम्हाला लागू होतात, तिथल्या बँकांचं शुल्क तुमच्या रकमेतून जातं आणि तिथले निर्बंधाचे नियमही तुमच्या व्यवहाराला लागतात. हे शेवटचं लोकांना पटत नाही. पण २०१४ मध्ये बीएनपी परिबा या फ्रेंच बँकेवर अमेरिकेत सुमारे ८.९ अब्ज डॉलरचा दंड बसला, तो निर्बंध असलेल्या देशांशी संबंधित व्यवहार अमेरिकी यंत्रणेतून डॉलरमध्ये फिरवल्याबद्दल. तेव्हापासून बँका डॉलरच्या प्रत्येक निरोपातलं नाव आणि मजकूर फार बारकाईने चाळतात.

या लांबच्या रस्त्याला काही ठिकाणी जवळची वाट आहे. हाँगकाँगमध्ये २००० पासून अमेरिकी डॉलरचे व्यवहार तिथल्या तिथे मिटवणारी यंत्रणा आहे. एचएसबीसी ही तिची सेटलमेंट बँक. चीनने २००८ मध्ये देशांतर्गत परकीय चलनासाठी वेगळी यंत्रणा सुरू केली. फिलिपिन्समध्ये डॉलरसाठी पीडीडीटीएस आहे, स्वित्झर्लंडमधल्या बँका आपसातल्या युरोसाठी युरोएसआयसी वापरतात, आणि कंबोडियाची २०२० ची बाकाँग यंत्रणा रियेल आणि डॉलर दोन्ही हाताळते. युरोच्या बाबतीत सेपा, म्हणजे युरोपातल्या देशांची युरो पाठवण्याची सामाईक व्यवस्था, ही सर्वांत मोठी सोय. पोलंड किंवा स्वीडनचं स्वतःचं चलन वेगळं आहे, तरी तिथल्या दोन बँकांमधले युरो सेपातून जाऊ शकतात, आणि मग मध्यस्थ बँकांची साखळी व तिची कापाकापी दोन्ही टळतात.

## आधी परवानगी, मग बाकीचं

देशातल्या देशात परकीय चलनात पैसे देणं सगळीकडे मोकळं नाही. भारतात निवासी व्यक्तींमधले असे व्यवहार १९९९ च्या फेमा कायद्याने आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बांधलेले आहेत. खातं डॉलरचं आहे म्हणून त्यातून वाटेल त्याला डॉलर देता येत नाहीत. तुर्कस्तानने सप्टेंबर २०१८ मध्ये रहिवाशांमधल्या भाडे आणि मालमत्ता विक्रीसारख्या अनेक करारांत परकीय चलन वापरायला बंदी घातली. उलट पोलंडमध्ये ऑगस्ट २०११ पासून कायद्याने स्विस फ्रँकच्या कर्जदारांना हप्ता थेट फ्रँकमध्ये भरण्याचा हक्क मिळाला. तोपर्यंत बँक स्वतःच्या दराने झ्लॉटीचे फ्रँक करत असे. त्यानंतर कर्जदार दुसरीकडून स्वस्त फ्रँक घेऊन बँकेत भरू लागले.

तेव्हा पहिला प्रश्न बँकेला लेखी विचारा: या दोन खातेदारांमध्ये, या कारणासाठी, या चलनात नियमित रक्कम देता येते का, आणि त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतील? भाडेकरार, नेमणूकपत्र, कर्जाचा करार, बिलं, जे असेल ते एकदाच बँकेच्या नोंदीत जमा करून ठेवलं की दर महिन्याला तीच विचारपूस होत नाही. उत्तर तोंडी मिळालं तर त्यावर विसंबू नका.

## समोरचं खातं खरंच त्या चलनाचं आहे का

हे तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

घेणाऱ्याने दिलेला खाते क्रमांक स्थानिक चलनाच्या खात्याचा असेल तर त्याची बँक आलेले डॉलर आपल्या दराने बदलून जमा करते. काही बँकांत एकाच ग्राहकाच्या सगळ्या चलनांना एकच आयबॅन (आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक) असतो, तर काहींत प्रत्येक चलनाला वेगळा. ‘माझं डॉलर खातं आहे’ एवढं पुरेसं नाही. ‘या क्रमांकावर आलेले डॉलर डॉलर म्हणूनच राहतात’ हे घेणाऱ्याच्या बँकेकडून कळायला हवं.

पाठवणाऱ्याकडेही असाच सापळा असतो. नेट बँकिंगमधला देशांतर्गत ट्रान्सफरचा पर्याय बहुधा फक्त स्थानिक चलन ओळखतो. तिथे डॉलर खातं निवडलं तर बँक आधी डॉलरचं स्थानिक चलन करते, ते पाठवते, आणि समोरची बँक त्याचे पुन्हा डॉलर करते. समजा प्रत्येक अदलाबदलीत दीड टक्का जातो. १,००० चे ९८५ होतात, आणि ९८५ चे सुमारे ९७०. दर महिन्याला १,००० पाठवणाऱ्याचे वर्षाला साडेतीनशेहून अधिक डॉलर जातात, आणि पावतीवर शुल्क मात्र शून्य दिसतं. म्हणून देशातल्या देशात पाठवत असलात तरी अर्ज आंतरराष्ट्रीय किंवा परकीय चलनाच्या पानावर भरावा लागतो. लाभार्थीचा देश म्हणून स्वतःचाच देश निवडताना अवघडल्यासारखं होतं, पण बरोबर जागा तीच. ते पान स्वतःचा देश स्वीकारत नसेल तर शाखेतून किंवा रिलेशनशिप मॅनेजरमार्फत करण्याचा मार्ग विचारा.

अजून एक गोष्ट बंद करून घ्या. डॉलर खात्यात शिल्लक कमी पडली तर काही बँका स्थानिक चलनाच्या खात्यातून आपोआप पैसे घेऊन आपल्या फलकावरच्या दराने डॉलर करतात. व्यवहार होतो, पण महागात पडतो. शिल्लक नसेल तर व्यवहार थांबवा आणि मला कळवा, अशी सूचना द्या.

## रस्ता निवडणं

माझं मत स्पष्ट आहे: नियमित रकमेसाठी सर्वांत चांगला रस्ता तो, ज्यात दोघांच्या मध्ये दुसरी बँकच नाही. दोन्ही खाती एकाच बँकेत, एकाच चलनात असली तर ती बँक स्वतःच्या वहीत एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा करते. न्यूयॉर्क नाही, मध्यस्थ नाही, बहुतेक वेळा शुल्क नाही किंवा अगदी नाममात्र, आणि पैसे त्याच दिवशी, अनेकदा लगेच पोचतात. वर्षानुवर्षं चालणारी देवघेव असेल तर दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या बँकेत त्या चलनाचं खातं उघडणं हा एकदाचा त्रास सोसण्यासारखा आहे. फक्त त्या खात्याचं किमान शिल्लकेचं बंधन आणि वार्षिक शुल्क आधी पाहून घ्या.

ते जमत नसेल तर दुसऱ्या क्रमांकावर स्थानिक यंत्रणा, म्हणजे वर सांगितलेल्या सेपा किंवा हाँगकाँगसारख्या सोयी. इथे एक खाच आहे. देशात यंत्रणा असणं आणि तुमच्या बँकेने तुमचा व्यवहार तिच्यातून पाठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. युरो पाठवताना एकाच बँकेच्या पानावर सेपा आणि स्विफ्ट असे दोन पर्याय असू शकतात आणि दुसऱ्याचं शुल्क कितीतरी जास्त असतं. समोरची बँक सेपात सहभागी आहे का, हे तिच्या बीआयसीवरून (बँकेच्या स्विफ्ट कोडवरून) तुमची बँक सांगू शकते.

तिसरा रस्ता बँकेतर सेवांचा. अशा अनेक सेवा एकाच खात्यात अनेक चलनं ठेवू देतात आणि दोघंही त्याच सेवेचे ग्राहक असले तर रक्कम लगेच पोचते. रोजच्या मापातल्या रकमांना हे सोयीचं पडतं. मात्र अशा सेवेतली शिल्लक बऱ्याच ठिकाणी बँक ठेव मानली जात नाही. ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवण्याचं बंधन असतं, पण ठेव विमा नसतो. म्हणून पैसे तिथे साठवू नका, फक्त तिथून पुढे पाठवा.

यांपैकी काहीच नसेल तेव्हा स्विफ्ट आणि करस्पाँडंट बँकांचा लांबचा रस्ता. बहुतेकांच्या वाट्याला तोच येतो, म्हणून पुढचं बरंचसं त्याच्याबद्दल आहे. तो रस्ता घेण्यापूर्वी दोन्ही बँकांना एकच प्रश्न विचारा: या चलनासाठी तुमची करस्पाँडंट बँक कोणती? दोन्हीकडून एकच नाव आलं तर मध्ये कापणारा हात एकच उरतो. तुमची बँक दोन-तीन करस्पाँडंट वापरत असेल तर समोरच्याशी जुळणारा वापरा, अशी विनंती करता येते. मोठ्या ग्राहकांचं असं ऐकतात. लहान ग्राहकानेही विचारायला हरकत नाही.

## लाभार्थीची माहिती भरताना

बीआयसी, म्हणजेच स्विफ्ट कोड, ८ किंवा ११ अक्षरांचा असतो: पहिली ४ बँकेची, पुढची २ देशाची, पुढची २ ठिकाणाची आणि असल्यास शेवटची ३ शाखेची. आयबॅन जास्तीत जास्त ३४ अक्षरांचा. त्यातले दोन आकडे तपासणीचे असल्याने टंकलेखनाची चूक बहुधा लगेच पकडली जाते. जिथे आयबॅन नाही, केवळ खाते क्रमांक आहे, तिथे अशी तपासणी होईलच असं नाही, म्हणून क्रमांक बँकेच्या कागदावरून उतरवून घ्या.

नाव बँकेच्या नोंदीत आहे तसंच लिहा. निरोपात रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकीच विरामचिन्हं चालतात. कंपनीच्या नावात ‘आणि’चं चिन्ह असेल तर ते अनेक ठिकाणी स्वीकारलं जात नाही, त्याऐवजी तो शब्द अक्षरांत लिहावा लागतो. पत्त्याकडे आता नीट लक्ष द्यायला हवं. नोव्हेंबर २०२५ मध्ये बँकांमधले व्यवहाराचे निरोप जुन्या एमटी नमुन्यातून आयएसओ २००२२ या नव्या नमुन्यात गेले. नोव्हेंबर २०२६ ची मुदत पत्त्यासाठी आहे: त्यानंतर निदान गाव आणि देश स्वतंत्र रकान्यात असावे लागतील, सगळा पत्ता एका ओळीत कोंबलेला चालणार नाही. तुमचा जतन केलेला जुना टेम्प्लेट तसा असेल तर तो आत्ताच नव्याने भरून ठेवा, नाहीतर कधीतरी एक हप्ता अचानक परत येईल.

कारणाच्या रकान्यात १४० अक्षरांची जागा असते. तिथे करार क्रमांक, महिना आणि स्पष्ट कारण लिहा. ‘ऑफिसचं भाडं, मार्च, करार क्रमांक अमुक’ असा मजकूर तपासणीतून सहज सुटतो. मोघम शब्द, टोपणनावं आणि निर्बंध असलेल्या देशांची नावं टाळा. एखाद्या इमारतीच्या किंवा रस्त्याच्या नावात असा शब्द असेल तर व्यवहार थांबून चौकशी होऊ शकते. अशा वेळी खुलासा आधीच बँकेला देऊन ठेवावा.

येनमध्ये दशांश नसतो. कुवेती, बहरिनी दिनार आणि ओमानी रियाल यांत तीन दशांश स्थळं असतात. ठरलेली रक्कम त्या चलनात लिहिता येते ना, एवढं पाहा.

## शुल्क कोण भरणार

स्विफ्ट व्यवहारात तीन पर्याय असतात. ‘अवर’ म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून. ‘शा’ म्हणजे पाठवणाऱ्याने आपल्या बँकेचं भरायचं आणि बाकीचं घेणाऱ्याच्या रकमेतून जायचं. ‘बेन’ म्हणजे सगळंच घेणाऱ्याच्या रकमेतून. अर्जात बहुधा ‘शा’ आधीच निवडलेलं असतं आणि लोक ते तसंच राहू देतात. मध्यस्थ बँक मग स्वतःचं शुल्क मूळ रकमेतून काढून घेते आणि १,००० चे ९८० किंवा ९८५ होऊन पोचतात.

मित्रामित्रांत हे चालून जाईल. कर्जाच्या हप्त्यात नाही चालत: हप्ता १५ ने कमी भरला की उरलेले १५ थकबाकी म्हणून नोंदले जातात, त्यावर दंडव्याज लागतं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्यामुळे हप्ता, भाडं, शाळेची फी, जिथे पूर्ण रक्कम पोचणं बंधनकारक आहे तिथे ‘अवर’ घ्या. त्यातही दोन गोष्टी लक्षात असू द्या. घेणाऱ्याची बँक स्वतःचं आवक शुल्क वेगळं लावू शकते. आणि साखळीतली एखादी बँक ‘अवर’ असूनही कापू शकते; म्हणून काही बँका पूर्ण रक्कम पोचण्याची हमी वेगळ्या शुल्काने देतात, ती आहे का ते विचारा. दोन्ही बँका युरोपीय आर्थिक क्षेत्रात असतील तर तिथल्या कायद्याप्रमाणे पाठवणाऱ्याने आपल्या बँकेचं आणि घेणाऱ्याने आपल्या बँकेचं शुल्क भरायचं असतं.

तूट भरून काढायला थोडे जास्तीचे पैसे पाठवण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो देणार नाही. मध्यस्थ दर वेळी तितकंच कापेल याची खात्री नसते, आणि वर्षअखेरीस दोघांचे हिशेब जुळत नाहीत.

ठरावीक शुल्काचा भार कमी करायचा खरा उपाय म्हणजे व्यवहारांची संख्या कमी करणं. समजा एका व्यवहाराला सगळं मिळून २७ डॉलर लागतात. महिन्याला पाठवलं तर वर्षाचे ३२४, तीन महिन्यांतून एकदा पाठवलं तर १०८. घेणाऱ्याला तिमाही रक्कम आगाऊ मिळत असेल तर तो सहसा तयार होतो. मात्र आगाऊ दिलेल्या पैशांची जोखीम तुमची, म्हणून ज्याच्याशी जुना विश्वासाचा संबंध आहे त्याच्याशीच हे करा.

## करारात लिहायची चार वाक्यं

बहुतेक भांडणं रकमेवरून होत नाहीत. ‘दिले’ म्हणजे काय, यावरून होतात. करारात किंवा निदान एकमेकांच्या ईमेलमध्ये असं काहीतरी असू द्या:

‘दरमहा १,००० अमेरिकी डॉलर घेणाऱ्याच्या डॉलर खात्यात जमा व्हायचे आहेत. पाठवणाऱ्या आणि मध्यस्थ बँकांचं शुल्क देणारा भरेल, घेणाऱ्या बँकेचं आवक शुल्क घेणारा भरेल. ठरलेल्या तारखेला डॉलरच्या किंवा स्थानिक बँका बंद असल्यास पुढचा कामकाजाचा दिवस धरला जाईल. देणाऱ्याने ठरलेल्या तारखेच्या किमान तीन कामकाजाच्या दिवसांआधी व्यवहार केल्याची बँकेची पावती दाखवल्यास बँकांमुळे झालेल्या उशिराचा दंड लागणार नाही.’

चौथं वाक्य घेणाऱ्याला आवडत नाही, तरी मागून घ्या. व्यवहार तुमच्या बँकेतून निघाल्यावर तो तुमच्या हातात राहत नाही.

## तारीख कोणती ठरवावी

महिन्याची १ तारीख टाळा. टी२ यंत्रणा शनिवार-रविवारशिवाय १ जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टर सोमवार, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर या दिवशी बंद असते. त्यातल्या दोन तारखा १ लाच येतात. डॉलरसाठी अमेरिकेच्या ११ संघीय सुट्ट्या धरायच्या, म्हणजे ४ जुलै, नोव्हेंबरातला चौथा गुरुवार वगैरे. ज्या देशांत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते तिथे रविवारी बँक उघडी असूनही डॉलर हलत नाहीत आणि शुक्रवारी न्यूयॉर्क उघडं असूनही स्थानिक बँक बंद. आठवड्यातले चारच दिवस हाती राहतात.

प्रत्येक बँकेची प्रत्येक चलनासाठी वेगळी कट-ऑफ वेळ असते. ती टळली की व्यवहार दुसऱ्या दिवसाचा धरला जातो. जपानच्या पश्चिमेकडच्या देशांतून येन पाठवताना ही वेळ फार लवकर येते, कारण जपानचा दिवस आधी संपतो. डॉलरला त्यामानाने सवड असते.

## दर महिन्याला आपोआप होण्याची सोय

स्थानिक चलनाची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन सगळीकडे मिळते, परकीय चलनाची क्वचित. एकाच बँकेतल्या दोन डॉलर खात्यांमध्ये ती मिळण्याची शक्यता चांगली असते, हा पहिला रस्ता निवडण्याचा आणखी एक फायदा. सेपातही युरोची नियमित आज्ञा लावता येते. घेणारी संस्था असेल तर सेपा डायरेक्ट डेबिटने तिलाच रक्कम ओढून घेऊ देता येते.

स्विफ्टने पाठवायचं असेल तर आधी नेट बँकिंगमध्ये पुढच्या तारखेचा परकीय चलन व्यवहार लावता येतो का पाहा. काही बँका पुढचे अनेक महिने एकदम लावू देतात. ते नसेल तर शाखेत लेखी कायमस्वरूपी सूचना देता येते. तिच्यावर रक्कम, चलन, तारीख, शुल्काचा पर्याय, शेवटची तारीख आणि शिल्लक नसल्यास काय करायचं हे सगळं असलं पाहिजे. कंपन्यांना फाइल चढवून किंवा आपली हिशेबप्रणाली बँकेशी जोडून अनेक व्यवहार एकदम पाठवता येतात. दरमहा पंधरा-वीस जणांना पगार द्यायचा असेल तर तो खर्च परवडतो.

हे काहीच नसेल तर जतन केलेला टेम्प्लेट आणि कॅलेंडरमधली आठवण. हा मार्ग मला कमी प्रतीचा वाटत नाही. रक्कम मोठी असेल आणि वर्षाला बाराच व्यवहार असतील तर दर महिन्याला माणसाने एकदा शिल्लक, सुट्टी आणि लाभार्थी पाहून मंजुरी देणं अधिक सुरक्षित आहे.

## आधी लहान रक्कम

पूर्ण व्यवस्था लावण्याआधी शुल्क भागेल इतपत लहान रक्कम पाठवा आणि घेणाऱ्याकडून चार गोष्टी मागवा: किती जमा झाले, कुठल्या चलनात, कुठल्या तारखेला, आणि पाठवणाऱ्याचं नाव व कारण त्याच्या खातेउताऱ्यावर कसं दिसतं. पाठवलेल्या आणि पोचलेल्या रकमेतला फरक म्हणजे त्या रस्त्याचा खरा खर्च; बँकेच्या दरपत्रकातून तो कधीच पूर्ण कळत नाही. मग पहिला पूर्ण हप्ता हातानेच पाठवा, कारण मोठ्या रकमेला मर्यादा आणि तपासण्या वेगळ्या लागू होतात. तो सुरळीत गेला की स्वयंचलित सूचना लावा.

## अडकलं तर

पैसे पोचले नाहीत म्हणून पुन्हा पाठवू नका. दोन्ही पोचले तर एक परत मिळवणं घेणाऱ्याच्या संमतीवर आणि बँकांच्या सवडीवर अवलंबून राहतं. आधी तुमच्या बँकेकडून यूईटीआर मागा. हा ३६ चिन्हांचा क्रमांक प्रत्येक स्विफ्ट व्यवहाराला असतो. त्यावरून व्यवहार आत्ता कुठल्या बँकेत आहे आणि वाटेत किती कापलं गेलं हे बँकेला पाहता येतं. त्याच्यासोबत पाठवलेल्या निरोपाची प्रतही घ्या आणि दोन्ही घेणाऱ्याला द्या, म्हणजे तो आपल्या बँकेत नेमकी चौकशी करू शकेल. बहुतेक वेळा पैसे घेणाऱ्याच्या बँकेतच, एखाद्या कागदाची वाट पाहत थांबलेले असतात.

व्यवहार परत आला तर रक्कम शुल्क वजा होऊन येते. ती डॉलर खात्यातच जमा झाली का ते पाहा. स्थानिक खात्यात जमा झाली असेल तर त्याच दिवशी तक्रार करा, कारण दर बदलल्यावर मूळ डॉलर मिळवणं अवघड होतं.

‘आमचं खातं बदललं, यापुढे नव्या क्रमांकावर पाठवा’ असा ईमेल आला तर तो कितीही ओळखीच्या पत्त्यावरून आलेला असो, त्या माणसाला आधीपासून तुमच्याकडे असलेल्या फोन क्रमांकावर बोलून खात्री करा. नियमित व्यवहार करणाऱ्यांनाच भामटे हेरतात, कारण त्यांची रक्कम आणि तारीख दोन्ही ठरलेल्या असतात. नव्या खात्यावर पुन्हा लहान रकमेपासून सुरुवात करायची.

वर्षातून एकदा बाराही व्यवहार समोर ठेवून पाठवलेली आणि पोचलेली रक्कम जुळवा. वाटेतली कपात वाढली असेल तर बँकेने करस्पाँडंट बदललेला असू शकतो, आणि मग रस्त्याचा विचार नव्याने करावा लागतो.

करार संपतो तेव्हा सूचना बँकेत लेखी रद्द करा आणि रद्द झाल्याची पोच घ्या. पुढच्या तारखेचे लावलेले व्यवहार वेगळ्या यादीत असतात. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन रद्द केली तरी ते आपोआप निघत नाहीत, ते एकेक करून काढावे लागतात. शेवटचा हप्ता पोचल्याचं घेणाऱ्याकडून लेखी आल्यावरच ते परकीय चलन खातं बंद करायला घ्या, कारण एखादा व्यवहार परत आला तर तो जमा व्हायला खातं चालू असावं लागतं.